अमरांचा शेजार

पीटर जॅक्सन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटमालिकेचा दुसरा भाग, 'द टू टॉवर्स', २००२ साली पडद्यावर आला. त्यातील एक प्रसंग प्रेक्षकांच्या हमखास लक्षात राहतो. हेल्म्स डीपच्या किल्ल्यात मूठभर माणसे शत्रूच्या अफाट सैन्याची वाट पाहत असतात. इतक्यात शिंग वाजते आणि एल्फांची शिस्तबद्ध पलटण दरवाजातून आत येते. जुन्या मैत्रीला स्मरून आपण आलो आहोत, असे तिचा नायक सांगतो. प्रसंग मोठा देखणा आहे. पण मूळ कादंबरीत तो नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या पुस्तकात त्या रात्री किल्ल्यावर लेगोलस हा एकच एल्फ असतो आणि तोही आधीपासून माणसांबरोबर प्रवास करणारा. आपल्या वनातील शंभर तिरंदाज आता हवे होते, असे त्याला वाटते खरे; पण ते येत नाहीत आणि किल्ल्यातील माणसे त्यांची वाटही पाहत नाहीत.

हा बदल चित्रपटाच्या सोयीसाठी झाला असेल, पण त्यामुळे टॉल्किन यांच्या कल्पनाविश्वातील एक मूलभूत गोष्ट झाकली जाते. मिडल-अर्थ या कल्पित भूमीत माणूस आणि एल्फ एकमेकांचे शत्रू नाहीत. पण ते मित्र आहेत असेही सरसकट म्हणता येत नाही. गोंडोर या मानवी राज्याचा वीर बोरोमिर लोथलोरिएन या एल्फांच्या वनात पाऊल टाकायला कचरतो. रोहानचा सेनानी एओमेर त्या वनाच्या स्वामिनीविषयी, गॅलाड्रिएलविषयी, एखाद्या चेटकिणीविषयी बोलावे तसे बोलतो. बोरोमिरचा धाकटा भाऊ फारामिर तर स्पष्टच कबूल करतो, की आपल्या देशातील लोक आता एल्फांना भितात. युद्ध नाही, तंटा नाही; तरीही कित्येक पिढ्यांत येणे-जाणे नाही.

ही शांतता अशी अवघडलेली का? तिच्या मागे जमिनीचा वाद आहे, मानापमान आहेत, विश्वासघातही आहेत. परंतु या साऱ्यांच्या तळाशी एक साधी गोष्ट आहे. दोन शेजाऱ्यांपैकी एक मरतो आणि विसरतो. दुसरा मरत नाही आणि विसरूही शकत नाही.

भीती आणि आदर

एल्फ ही काही टॉल्किन यांची निर्मिती नव्हे. उत्तर युरोपातील लोकसमजुतींत त्यांना फार जुने स्थान आहे. आइसलँडचे स्नोरी स्टुर्लुसन यांनी तेराव्या शतकात नॉर्स पुराणकथांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात उजळ एल्फ आणि काळे एल्फ अशा दोन जातींचा उल्लेख येतो. प्राचीन इंग्लंडमध्ये अंगात अचानक कळ उठली, तर एल्फाचा बाण लागला असे समजत आणि तो उतरविण्यासाठी मंत्र म्हणत. त्याच काळात मुलाचे नाव मात्र आल्फ्रेड ठेवले जाई. त्या नावाचा मूळ अर्थ 'एल्फांचा सल्ला लाभलेला' असा आहे. ज्याच्या बाणाची धास्ती, त्याचाच आशीर्वाद हवा, असे हे नाते होते.

टॉल्किन यांचा जन्म १८९२ साली दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. पुढे ते ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक झाले. या जुन्या समजुतींचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. एल्फांना त्यांनी उंच, देखणे, ज्ञानी आणि जरारहित रूप दिले. फिनिश आणि वेल्श भाषांच्या नादमाधुर्यावरून त्यांच्यासाठी दोन भाषा रचल्या. 'द हॉबिट' १९३७ साली आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाले. माणूस आणि एल्फ यांच्या संबंधांचा जुना इतिहास मात्र प्रामुख्याने 'द सिल्मरिलियन'मध्ये आहे. टॉल्किन १९७३ साली निवर्तले. त्यानंतर त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी तो ग्रंथ संपादित करून १९७७ साली प्रकाशात आणला.

काळाची दोन मापे

टॉल्किन यांच्या एल्फांना म्हातारपण नाही, रोग नाही. जखमेने किंवा असह्य दुःखाने ते मरू शकतात. पण त्यांचा आत्मा या जगालाच बांधलेला असतो. जग असेपर्यंत त्यांची सुटका नाही. माणूस मात्र मरतो आणि जगाच्या पलीकडे कोठेतरी निघून जातो. तो कोठे जातो, हे एल्फांनाही ठाऊक नाही. या विश्वाच्या निर्मात्याने माणसाला दिलेली ती देणगी आहे, असे 'सिल्मरिलियन' सांगते. माणसाला मात्र ती शिक्षा वाटते. आपल्या कथेचा खरा विषय सत्ता नसून मृत्यू आणि अमरत्व हा आहे, असे टॉल्किन यांनी आपल्या पत्रांतून नोंदवून ठेवले आहे. १९१६ साली सोमच्या रणांगणावर लढलेल्या आणि पहिले महायुद्ध संपेपर्यंत एक अपवाद वगळता सारे जिवलग मित्र गमावलेल्या माणसाचे हे म्हणणे आहे, हे विसरून चालणार नाही.

या फरकाचा परिणाम राजकारणावर कसा होतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे एल्रॉन्डच्या दरबारातील सभा. घातकी अंगठीचे काय करायचे, हे ठरविण्यासाठी ती भरते. यजमान एल्रॉन्डचे वय सहा हजार वर्षांहून अधिक आहे. इसिल्दुर या मानवी राजपुत्राने ती अंगठी नष्ट करण्याऐवजी स्वतःजवळ ठेवून घेतली, तेव्हा एल्रॉन्ड तेथे हजर होता. त्याने दिलेला सल्ला इसिल्दुरने मानला नव्हता. समोर बसलेल्या बोरोमिरसाठी ही तीन हजार वर्षांपूर्वीची आख्यायिका आहे. एल्रॉन्डसाठी ती स्वतःची आठवण आहे. एकाच्या लेखी जो इतिहास, तो दुसऱ्याच्या लेखी कालचा दिवस.

पहिली भेट, पहिल्या अटी

माणसे पूर्वेकडून डोंगर ओलांडून एल्फांच्या प्रदेशात आली, तेव्हाच कुरबुरीला सुरुवात झाली. फिनरॉड या एल्फ राजाला ती प्रथम भेटली. त्याला त्यांचा लळा लागला. परंतु तेथील वनवासी एल्फांनी त्याच्याकडे तक्रार केली, की हे लोक झाडे तोडतात आणि जनावरांची शिकार करतात. त्यांना परत पाठवा, नाहीतर पुढे तरी न्या. फिनरॉडने माणसांना दुसरीकडे वसविले. म्हणजे पहिला तोडगा स्थलांतराचाच होता.

माणसांचा म्होरक्या बेओर फिनरॉडच्या सेवेत चव्वेचाळीस वर्षे राहिला आणि वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी वार्धक्याने मरण पावला. ना जखम, ना शोक. तरी माणूस विझून गेला. हे मरण एल्फांनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले आणि ते विस्मित झाले. माणसाच्या घराण्यातील चार पिढ्यांची निष्ठा एल्फाच्या लेखी एकाच बैठकीत मावते, याची जाणीव दोन्ही बाजूंना तेथून झाली.

डोरिआथचा राजा थिंगोल याने तर आपल्या राज्यात माणसाला पाऊलच ठेवू द्यायचे नाही, असे फर्मान काढले होते. हालेथ या बाणेदार स्त्रीच्या नेतृत्वाखालील एका जमातीला त्याच्या राज्याच्या सीमेबाहेरील ब्रेथिलच्या रानात राहायचे होते. थिंगोल या रानावरही हक्क सांगत असे. फिनरॉडच्या मध्यस्थीने परवानगी मिळाली. पण अट अशी, की नदीच्या उताराचे रक्षण करायचे आणि ऑर्क या राक्षसी सैनिकांना रानात शिरू द्यायचे नाही. ज्या ऑर्कांनी आपला बाप आणि भाऊ मारला, त्यांच्याशी आपण हातमिळवणी करू, असे एल्फांना वाटावे, हे हालेथला चमत्कारिक वाटले आणि तसे तिने उलट कळविलेही. ज्याने आधीच सर्वस्व गमावले आहे, त्याच्याकडूनच निष्ठेची हमी मागणारा हा करार होता.

पुढे 'असंख्य अश्रूंची लढाई' झाली. तीत मानवांच्या एका टोळीने ऐन वेळी शत्रूशी संधान बांधून एल्फांचा घात केला. त्याच लढाईत दुसऱ्या मानवी घराण्याच्या वीरांनी एल्फ राजाला निसटता यावे म्हणून पिछाडी सांभाळली आणि ते जवळजवळ सारे कापले गेले. त्या दिवसापासून, माणसांची तीन निष्ठावंत घराणी सोडली, तर एल्फांचे मन मानवजातीवरून उडाले. सरसकट सारे माणूस वाईट, असे एल्फ म्हणत नाहीत. पण विश्वास टाकण्यापूर्वी घराणे विचारतात.

भाषाबंदीपासून बुडण्यापर्यंत

संबंध बिघडण्यात माणसाचा वाटाही मोठा आहे. न्यूमेनॉर या बेटाची कथा त्यासाठी वाचावी लागते. निष्ठेचे बक्षीस म्हणून माणसांना हे समृद्ध बेट आणि दीर्घ आयुष्य मिळाले. पश्चिमेकडील एल्फ भेटी घेऊन गलबतांतून येत. अट एकच होती : पश्चिमेस स्वतःचा किनारा दिसेनासा होईल इतके दूर जायचे नाही. तिकडे अमरांचा प्रदेश होता.

पिढ्या गेल्या तशी ही मर्यादा माणसांना डाचू लागली. त्यांना मरण आहे आणि आपल्याला का, हा प्रश्न प्रथम दबक्या आवाजात आणि नंतर राजसभेत विचारला जाऊ लागला. यापुढील क्रम पाहण्यासारखा आहे. आधी राजांनी एल्फांच्या भाषेतील नावे घेणे सोडले. मग त्या भाषेच्या वापरावर बंदी आली. एल्फांशी स्नेह ठेवणाऱ्या प्रजाजनांना पश्चिम किनाऱ्यावरून उठवून पूर्वेकडे हलविण्यात आले, म्हणजे पाहुण्यांची गलबते त्यांना भेटू नयेत. शेवटी आर-फाराझोन या राजाने, बंदिवान म्हणून आणलेल्या सौरॉनच्या सल्ल्याने, अमरत्व जिंकून घेण्यासाठी आरमार नेले आणि ते बेट समुद्राने गिळले. वैराची सुरुवात तलवारीने झाली नाही. ती भाषेपासून झाली.

वाचलेल्या माणसांनी आणि उरलेल्या एल्फांनी मिळून सौरॉनविरुद्ध जी युती केली, तिला टॉल्किन यांनी 'शेवटची युती' असेच नाव दिले आहे. युद्ध जिंकले गेले. पण दोन्ही बाजूंचे राजे त्यात पडले आणि तशी युती पुन्हा झाली नाही.

पिंपांची शांतता

सारेच नाते असे उंच सुरातले नाही. 'द हॉबिट'मध्ये एल्फ राजाचे वन आणि सरोवरावरील मानवी गाव यांच्यात चोख व्यापार चालतो. दूरच्या मुलखातील मद्याची आणि इतर मालाची पिंपे गावातून वनाकडे जातात आणि रिकामी पिंपे नदीच्या प्रवाहात सोडून परत पाठविली जातात. एल्फांच्या तुरुंगातून पळालेले बुटके गावात येतात, तेव्हा गावप्रमुखाची पंचाईत होते, ती याच कारणाने. पाहुण्यांचे स्वागत करावे तर एल्फ राजा रुसायचा! पुढे ड्रॅगनच्या हल्ल्यात गाव जळते, तेव्हा संपत्तीच्या ओढीने निघालेला हाच राजा वाट वाकडी करून बेघर माणसांच्या मदतीला येतो आणि नदीतून रसद धाडतो. प्रेम नसले, तरी रोजचा व्यवहार माणुसकीला वाट ठेवतो, हे टॉल्किन यांनी येथे सहज दाखवून दिले आहे. मिडल-अर्थमधील सर्वांत निरोगी शेजार कदाचित हाच असावा.

एल्फांची चूक

माणसाची हाव मृत्यू टाळण्याची, तर एल्फांचा मोह बदल थांबविण्याचा. आपल्या अंगठ्या एल्फांनी घडविल्या त्या जगावर राज्य करण्यासाठी नव्हेत. जे सुंदर आहे ते कोमेजू नये म्हणून. रिव्हेन्डेल आणि लोथलोरिएन ही त्यांची स्थाने त्या अंगठ्यांच्या बळावरच काळापासून बाजूला राखली गेली होती. टॉल्किन यांनी हा दोष झाकलेला नाही. सौरॉनला शिरकाव मिळाला, तो याच मोहाच्या फटीतून.

त्यामुळे कादंबरीच्या अखेरीस एक विलक्षण पेच उभा राहतो. सौरॉनची अंगठी नष्ट झाली, तर माणसाचे राज्य वाचेल. पण एल्फांच्या तीन अंगठ्यांचे बळही त्याच क्षणी संपेल. गॅलाड्रिएलला हे पुरते ठाऊक आहे, एल्रॉन्डलाही. तरीही ते मदत करतात आणि मग पश्चिमेच्या बंदरातून जहाजाने निघून जातात. माणसाचा विजय आणि एल्फांचा अस्त एकच आहे. शांततेचा प्रश्न सुटतो खरा. पण तो एक शेजारी घर सोडून गेल्यामुळे सुटतो.

जहाज नसलेले एल्फ

निघून जाण्यासाठी जहाजच नसेल तर काय, हा प्रश्न पोलंडच्या आंद्रेय सापकोव्स्की यांनी विचारला. १९४८ साली वूच शहरात जन्मलेल्या या लेखकाची पहिली 'विचर' कथा १९८६ साली 'फँटास्टिका' या पोलिश मासिकात आली आणि १९९४ ते १९९९ या काळात त्यावर पाच खंडांची कादंबरीमाला झाली. पुढे तिच्यावर बेतलेले व्हिडिओ गेम २००७ पासून आणि नेटफ्लिक्सची मालिका २०१९ पासून आली. त्यामुळे ती मराठी घरांतील तरुणांनाही परिचित झाली आहे. तिचा नायक गेराल्ट पैसे घेऊन राक्षस मारणारा शिकारी आहे. रसायनांनी शरीर बदललेला हा माणूस धड कुणाच्याच बाजूचा नाही.

येथील माणसे काही शतकांपूर्वी समुद्रमार्गे आली आणि त्यांनी सुपीक जमीन घेतली. एल्फ डोंगरांत तरी हटले किंवा मानवी शहरांत दुय्यम नागरिक म्हणून तरी राहिले. एका सुरुवातीच्या कथेत फिलाव्हान्द्रेल हा एल्फ नायक आणि गेराल्ट समोरासमोर येतात. नांगर चालविणे ज्यांना कधी माहीत नव्हते, त्या उपाशी एल्फांसाठी बियाणे आणि शेतीची विद्या गावातून चोरावी लागते आहे. माणसांशी जुळवून घ्या, असे गेराल्ट सांगतो. माणसांच्या अटींवर जगणे म्हणजे आपण आपण न राहणे, अशी समोरच्याची अडचण आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच तोडगा निघत नाही.

सापकोव्स्की यांनी आणखी एक क्रूर अट घातली आहे. त्यांचे एल्फ दीर्घायुषी आहेत, पण त्यांना मुले होतात ती तारुण्यातच. एकदा आयलिरेन या तरुणीच्या हाकेला साद देऊन तरुण पिढी माणसांविरुद्ध उठली आणि कापली गेली. वडीलधारे जिवंत राहिले. वंश मात्र आटला. पुढच्या पिढीतील बंडखोर टोप्यांना खारीचे शेपूट लावतात, म्हणून त्यांना 'खारी' म्हणतात. नील्फगार्ड हे साम्राज्य त्यांना हाताशी धरते, बदल्यात एल्फांना एक छोटे राज्य मिळते. पण युद्ध संपून तह होतो, तेव्हा त्याच बंडखोरांच्या अधिकाऱ्यांना शिक्षेसाठी शत्रूच्या हवाली केले जाते. शांततेच्या कागदावर सही होते, ती त्यांच्या जिवावर. मालिकेच्या शेवटी रिव्हिया शहरात मानवेतरांची कत्तल सुरू होते. तिच्यात आडवा पडणाऱ्या गेराल्टला कुणा राक्षसाने नव्हे, तर जमावातील एका तरुणाने शेतीच्या दाताळ्याने भोसकलेले असते.

सापकोव्स्की यांच्या जन्मगावात १९४० ते १९४४ या काळात नाझींनी ज्यूंना कोंडलेली मोठी वस्ती होती. 'पोग्रोम' हा शब्द पूर्व युरोपातील वाचकाला शब्दकोशात पाहावा लागत नाही. त्यामुळे हे एल्फ परीकथेतून आले असले, तरी त्यांची गल्ली वाचकाच्या ओळखीची असते. अर्थात, लेखकाने त्यांना निष्पाप ठरविलेले नाही. एल्फही त्या भूमीवर नंतरच आले होते. त्यांच्याआधी तेथे बुटके होते. मूळचा कोण, या प्रश्नाला तळ नाही, एवढेच तो दाखवितो.

दोन विवाह

या दोन्ही विश्वांत माणूस आणि एल्फ यांच्यातील प्रेमाच्या कथा आहेत. शांततेविषयी दोन्ही लेखकांना जे म्हणायचे आहे, ते या कथांतच सर्वाधिक स्पष्ट होते.

सापकोव्स्की यांच्याकडे लारा डोरेन ही एल्फ आणि क्रेगेनान हा मानवी जादूगार यांचे मीलन दोन्ही समाजांना सोसत नाही आणि दोघांचाही अंत होतो. त्यानंतर एकाच घटनेच्या दोन कथा उरतात : एक माणसे सांगतात, दुसरी एल्फ. प्रत्येकीत दोष दुसऱ्याचा. त्यांची वंशज सिरी हिच्या रक्तात दोन्ही वारसे आहेत; पण तिला एकसंध गोष्ट कुणीच सांगत नाही.

टॉल्किन यांच्या विश्वात माणूस बेरेन आणि थिंगोलची कन्या लुथिएन यांची कथा मूळपीठ आहे. थिंगोलने जावयाकडे मागितलेले शुल्क म्हणजे सैतानाच्या मुकुटातील रत्न होते, म्हणजेच नकार. लुथिएन अखेर बेरेनसाठी मृत्यू पत्करते. ऑक्सफर्ड येथील वुल्व्हरकोट स्मशानभूमीत टॉल्किन आणि त्यांच्या पत्नी एडिथ यांच्या कबरीवर हीच दोन नावे कोरलेली आहेत. पुढे एल्रॉन्डची कन्या आर्वेन अॅरागॉर्न या मानवी राजासाठी तोच मार्ग निवडते.

कादंबरीच्या परिशिष्टात अॅरागॉर्नच्या मृत्यूचा प्रसंग आहे. चित्रपटात त्याची ओझरती झलक दिसते, पण त्यातील एक महत्त्वाची गोष्ट निसटते. न्यूमेनॉरच्या माणसांना आर्वेन आजवर दुष्ट आणि मूर्ख समजत आली होती. मरण चुकवण्यासाठी समुद्र ओलांडणारे वेडे, अशीच एल्फांच्या स्मृतीत त्यांची नोंद होती. पतीच्या अंथरुणाशी बसल्यावर, स्वतःलाही आता मरायचे आहे हे उमजल्यावर, ती म्हणते की त्यांची कथा आपल्याला आजच कळली आणि त्यांची कीव आली. हजारो वर्षे जपलेला राग निवळतो, तो तहाने नाही की युतीने नाही. दुसऱ्याची भीती स्वतःच्या वाट्याला आल्यावर तो निवळतो. तोवर बहुतेक जहाजे मात्र निघून गेलेली असतात.